रक्तगट तर दोन मिनिटांत कळतो, मग तुम्ही संशोधन कशाचं केलंत?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत, कॉलेजातल्या व्याख्यानानंतर, एकदा तर भर रिक्षात मला हा प्रश्न विचारला गेला आहे. ‘रक्तगट तर दोन मिनिटांत कळतो की हो मॅडम, मग त्यात एवढं संशोधन कसलं?’ विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. रक्तदान शिबिरात त्याने पाहिलेलं असतं: बोटाला सुई टोचली, पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब घेतले, त्यांत निळा, पिवळा आणि बिनरंगी असे तीन द्रव टाकले, काडीने ढवळलं, टाइल जरा हलवली आणि टेबलामागच्या मुलीने फॉर्मवर ‘बी पॉझिटिव्ह’ लिहून टाकलं. एवढ्याशा कामात एका बाईने नोकरीची सगळी वर्षं घालवली याचं त्याला नवल वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते. पंगतीत वरणभात येईपर्यंत हे उत्तर कधीच पुरं होत नाही.

ते तीन थेंब तीनच गोष्टी विचारतात. या तांबड्या पेशीवर ए आहे का, बी आहे का, डी आहे का. ए आणि बीचा शोध व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरने 1900-01च्या सुमाराला लावला, तोही प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचंच रक्त एकमेकांत मिसळून. डीची, म्हणजे ज्याला आपण पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो त्याची ओळख 1940च्या आसपास पटली. पण तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर अशा खुणा, म्हणजे अँटिजेन, आज साडेतीनशेहून जास्त माहीत आहेत आणि त्यांची विभागणी चाळीसहून अधिक प्रणालींत केलेली आहे. केल, डफी, किड, एमएनएस, लुथरन, डिएगो… यांतली बरीच नावं ज्या रुग्णांच्या रक्तात त्या गोष्टी प्रथम सापडल्या त्यांचीच आहेत. तुमच्या पेशीवर यांतलं काय आहे आणि काय नाही, हे तुम्हाला बहुधा ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याची गरजही पडत नाही. ए-बीविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे आपल्यात नसलेल्या खुणेला धरणारी प्रथिनं, अंगात जन्मानंतर काही महिन्यांत आपोआप तयार होतात. बाकीच्या खुणांविरुद्धच्या मात्र सहसा परकं रक्त अंगात गेल्यावर किंवा गरोदरपणात बाळाचं रक्त आईच्या रक्तात आल्यावरच तयार होतात. म्हणून दहातल्या नऊ जणांचं त्या तीन थेंबांवर निभावून जातं. माझी नोकरी उरलेल्या एकावर चालली.

मी मूळची कोल्हापूरकडची. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाले तेव्हा घरच्यांच्या डोक्यात बँकेची परीक्षा होती. मुंबईत परळला एका संशोधन प्रयोगशाळेत तात्पुरती जागा निघाली, आत्या लालबागला राहायची, म्हणून ‘वर्षभर बघू’ म्हणत गेले. मी डॉक्टर आहे ती पीएच.डी.ची. गावाकडे अजून कुणी ना कुणी गुडघेदुखीवर गोळी विचारतं. या बाबतीत मला रॉबिन कूम्ब्सचा फार आधार वाटतो. आमच्या शास्त्रातली सगळ्यांत महत्त्वाची चाचणी ज्याच्या नावावर आहे तो माणूस शिक्षणाने गुरांचा डॉक्टर होता.

कूम्ब्सची चाचणी काय आहे हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ए-बीच्या अँटिबॉडी थोराड असतात. एक अँटिबॉडी एकाच वेळी अनेक पेशींना धरते आणि डोळ्यांना दिसेल अशी गुठळी होते. बाकीच्या बहुतेक अँटिबॉडी लहान. त्या पेशीला चिकटतात, पण दोन पेशींना ओढून एकत्र आणण्याइतका त्यांचा हात पोचत नाही. नळीत सगळं गुळगुळीत, स्वच्छ, जुळल्यासारखं दिसतं आणि तेच रक्त रुग्णाला चढवलं की त्याच्या अंगात त्या पेशी फुटू लागतात. 1945 साली कूम्ब्स, मोरंट आणि रेस या तिघांनी यावर उपाय मांडला. अँटिबॉडी हे शेवटी माणसाचं प्रथिन. ते सशाला टोचलं तर ससा त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतो. सशाच्या रक्तातली ही अँटिबॉडी नळीत घातली की ती पेशींना चिकटलेल्या, न दिसणाऱ्या अँटिबॉडींना एकमेकांशी जोडते आणि गुठळी दिसू लागते. ही कल्पना युद्धकाळात लंडनहून केंब्रिजला जाताना मिणमिणत्या दिव्यांच्या गाडीत सुचली असं कूम्ब्स सांगत असत. मी लोकलने वर्षानुवर्षं प्रवास केला, मला फक्त जागा कुठे रिकामी होते एवढंच सुचायचं.

या चाचणीत एक मेख आहे आणि तिच्यापायी मी नव्या मुलींना फार छळलं आहे. कूम्ब्सचं सीरम, म्हणजे सशाच्या अँटिबॉडीचा तो द्रव, घालण्याआधी पेशी सलाइनने निदान तीनदा धुवाव्या लागतात. रुग्णाच्या सीरमचा, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या रक्तातल्या द्रवाचा, अंशही नळीत उरला, तर त्यातलं मोकळं प्रथिन कूम्ब्सचं सीरम गिळून टाकतं आणि गुठळी होत नाही. म्हणजे निष्काळजीपणे धुतलेली नळी ‘जुळतंय’ असं सांगते. चूक होते ती नेमकी धोक्याच्या बाजूला. यासाठी प्रत्येक निगेटिव्ह नळीत शेवटी मुद्दाम अँटिबॉडी लावून ठेवलेल्या ‘चेक सेल्स’ घालायच्या. त्या घातल्यावर गुठळी झाली तरच आधीचं निगेटिव्ह खरं मानायचं. न झाली तर सगळं पहिल्यापासून. संध्याकाळी साडेपाचला, कसारा-कर्जतच्या गाड्यांची वेळ झालेली असताना, ‘पहिल्यापासून’ म्हणणारी बाई कुणाला आवडेल?

आता तो दहावा माणूस. माझ्या बाबतीत तो बहुतेक वेळा मूल असायचा. थॅलसेमिया मेजर, म्हणजे शरीर पुरेसं हिमोग्लोबिन बनवत नाही असा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, सहा-आठ महिन्यांच्या वयापासून जन्मभर. दर वेळी वेगळा दाता, वेगळ्या खुणा. काही मुलांचं शरीर सगळं निमूट सोसतं. काहींचं मात्र एका टप्प्यावर हटून बसतं आणि अँटिबॉडी बनवायला लागतं. बहुतेकदा सुरुवात आरएच प्रणालीतल्या, म्हणजे डीच्याच कुटुंबातल्या, बिग-ई किंवा स्मॉल-सीपासून होते, नाहीतर केलपासून. मग एक दिवस रक्तपेढीत त्या मुलासाठी लावलेल्या क्रॉसमॅचच्या, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाशी जुळतं का ते पाहणाऱ्या चाचणीच्या, पाचही नळ्या नापास होतात. तिथून नमुना आमच्याकडे यायचा. सोबत आईवडील आलेले असायचे, कधी नंदुरबारहून, कधी उल्हासनगरहून, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत मुलाची जाडजूड फाइल.

आम्ही पॅनेल लावायचो. पॅनेल म्हणजे ‘ओ’ गटाच्या अकरा-बारा दात्यांच्या पेशी, ज्यांच्या साऱ्या महत्त्वाच्या खुणा आधीच तपासून एका तक्त्यावर लिहून ठेवलेल्या असतात. मुलाचं सीरम प्रत्येकीशी लावून बघायचं. तीन नंबरची जुळली, म्हणजे तिच्यावर असलेल्या सगळ्या खुणा निर्दोष. पेन्सिलने त्यांच्यावर काट मारायची. सात नंबरची नाही जुळली, तिच्यावर काय काय आहे ते बघायचं. असं करत शेवटी एक-दोन संशयित उरतात. पण एकाच मुलात तीन अँटिबॉडी असतील तर जवळपास सगळ्याच पेशी नापास होतात आणि तक्त्यावर कशावरच काट मारता येत नाही. मग एकेक अँटिबॉडी योग्य पेशींवर शोषून काढून टाकायची, उरलेल्यात काय आहे ते पाहायचं, शोषलेली पुन्हा पेशींवरून उतरवून तपासायची. यात दोन दिवसही जातात. बाहेर बाकावर मूल पांढरंफटक होऊन बसलेलं असतं.

आणि अँटिबॉडी ओळखली म्हणजे काम झालं असंही नाही. समजा मुलाला डफी-ए आणि किड-ए यांच्याविरुद्धच्या दोन अँटिबॉडी आहेत. आपल्याकडे ढोबळमानाने शंभरातल्या पंधरा जणांत डफी-ए नसतं आणि वीस जणांत किड-ए नसतं. दोन्ही नसलेले शंभरात तीन. त्यांतले गटाने चालणारे तिसरा हिस्सा धरले तर शंभर पिशव्या तपासल्यावर एक हाती लागते. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. स्मॉल-ईची अँटिबॉडी झाली तर विचारूच नका, ती खूण आपल्याकडे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांत असते.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. थॅलसेमियाचं निदान झालं की पहिली पिशवी चढवण्याआधी मुलाच्या पेशींवरच्या सगळ्या महत्त्वाच्या खुणा एकदा तपासून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला हव्यात. आरएचच्या पाच, केल, डफी, किड, एमएनएस. काम एका दुपारचं. एकदा का दुसऱ्याचं रक्त मिसळलं की मुलाच्या स्वतःच्या पेशी कुठल्या आणि दात्याच्या कुठल्या हे नळीत वेगळं करणं महामुश्कील होतं. मग डीएनएची तपासणी करावी लागते, जी महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. त्याही पुढे जाऊन, निदान आरएच आणि केल तरी पहिल्या पिशवीपासून जुळवून द्यावं असं जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी एबीओ आणि डी जुळलं की पिशवी लावतात. माणसं कमी, सीरम महाग, रक्ताचाच तुटवडा, ही कारणं खोटी नाहीत. तरीही माझं मत बदललेलं नाही. माझ्या सगळ्या शोधनिबंधांचा सारांश काढायचा झाला तर तो या एका परिच्छेदात मावेल.

आता ‘बॉम्बे’ या दुर्मिळ रक्तगटाबद्दल, कारण पहिल्या प्रश्नाच्या पाठोपाठ हा येतोच. बॉम्बे ब्लड ग्रुप मुंबईकरांनाच असतो का? नाही. 1952 साली परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातले डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे आणि भाटिया यांनी तो ओळखला, पुढचं काम लंडनच्या रूथ सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासोबत केलं आणि सगळ्यांच्या नावाने तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गावाचं नाव गटाला चिकटलं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाला तो असतो, युरोपात दहा लाखांत एखाद्याला.

ए आणि बी पेशीवर थेट बसत नाहीत. त्यांच्याखाली एच नावाचा एक पदार्थ लागतो. खुंटीच नसेल तर टोपी अडकवणार कशाला? बॉम्बे गटात ही एचची खुंटी नसते. त्यामुळे ए किंवा बीचं जनुक असलं तरी ते पेशीवर दिसत नाही आणि टाइलवरचे थेंब ‘ओ’ म्हणून निकाल देतात. पण खऱ्या ‘ओ’ माणसाच्या पेशीवर एच भरपूर असतं आणि बॉम्बेवाल्याच्या अंगात त्या एचविरुद्ध जहाल अँटिबॉडी असते. त्याला ‘ओ’ची पिशवी लावली तर ती जिवावर बेतते. त्याला बॉम्बेचंच रक्त चालतं.

म्हणून मी टाइलवरच्या निकालाला अर्धा निकाल म्हणते. उरलेला अर्धा म्हणजे उलटी तपासणी. माणसाचं सीरम ए, बी आणि ओच्या माहीत असलेल्या पेशींशी लावून बघायचं. बॉम्बे असेल तर ओच्या पेशींची दणदणीत गुठळी होते, फोर प्लस. तिथेच चोर पकडला जातो. या रोजच्या पेशी पुष्कळदा आम्हीच आमच्या हातातून काढून वापरायचो. माझा गट बी असल्याने मला सकाळी आल्या आल्या बाही वर करावी लागायची. शिबिराच्या कार्डावर नुसतं ‘ओ पॉझिटिव्ह’ वाचून निर्धास्त राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांतल्या एखाद्याचा खरा गट बाळंतपणात किंवा अपघातानंतर कळायचा. मग रात्री फोनाफोनी, सांगलीचा दाता, पुण्याचा दाता, कुणी एसटीने निघाला, कुणी स्वतःच्या मोटरसायकलवर. हे दाते बहुतेक एकमेकांना नावानिशी ओळखतात. बॉम्बेचं रक्त ग्लिसरॉलमध्ये मुरवून उणे 80 अंशांना गोठवलं तर दहा वर्षं टिकतं. पण तशी सोय मोजक्याच ठिकाणी असल्याने अजून जिवंत माणूसच गाठावा लागतो.

पुढे जनुकांचं युग आलं तेव्हा कळलं की आपल्याकडच्या बॉम्बेत सहसा एफयूटी-1 या जनुकात 725व्या जागी एकच अक्षर बदललेलं असतं आणि शेजारचं एफयूटी-2 हे जनुक तर पार गळालेलं असतं. आईवडील दोघांकडूनही तेच बदललेलं जनुक आलं तरच बॉम्बे गट होतो. त्यामुळे मामाच्या किंवा आत्याच्या नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत तो जास्त दिसतो. यातून घरगुती भानगडीही होतात. आईचा गट कार्डावर ‘ओ’, बापाचा ‘ओ’, आणि मूल ‘ए’. शाळेत जीवशास्त्र शिकलेला एखादा दीर लगेच हिशेब मांडतो. आई बॉम्बे असेल, तर तिच्या पेशींवर न दिसणारं ए तिने मुलाला दिलेलं असतं आणि बापाकडून आलेल्या एचवर ते मुलात उघड होतं. अशा एका बाईच्या सासरच्यांसमोर मी फळ्यावर चित्र काढून हे समजावलं होतं. कुणी माफी मागितली नाही. पण दीर उठून बाहेर गेला, एवढं पाहिलं.

मधेच एक सांगते, आमच्या शास्त्रातली माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट. ए गटाचे दोन मुख्य पोटप्रकार आहेत, ए-1 आणि ए-2. ते वेगळे ओळखायला जगभर जे द्रव्य वापरतात ते कशाचं असतं माहीत आहे? कुळथाचं. हुलगे म्हणा हवं तर, आम्ही हुलगेच म्हणतो. 1951 साली जी. डब्ल्यू. जी. बर्ड या भारतीय सैन्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दाखवलं, की कुळथाचा अर्क ए गटाच्या पेशींची गुठळी करतो आणि बेताने पातळ केला तर फक्त ए-1ची. बर्ड पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात रक्तसंक्रमणाचं काम बघत. कुळीथ दळायचे, सलाइनमध्ये भिजवायचे, गाळायचे, योग्य तितके पातळ करायचे. झालं अँटी-ए-1. विकतची बाटली संपली आणि ऑर्डर अडकली की आम्ही खुशाल परळच्या वाण्याकडून पाव किलो आणायचो. उरलेल्याचं माझी आत्या माडगं करायची.

या गोष्टीत मला गंमत वाटते ती वेगळ्याच कारणाने. आमच्या कामाची बरीचशी सामग्री परदेशातून यायची. पॅनेलच्या पेशी तिकडच्या, म्हणजे तिकडच्या दात्यांच्या. त्या बर्फात घालून विमानाने यायच्या, कस्टम्समध्ये अडकायच्या, हातात पडेपर्यंत निम्मी मुदत संपलेली असायची, कधी नळी लालेलाल, म्हणजे पेशी फुटून गेलेल्या. पण त्याहून मोठी अडचण अशी, की त्या पेशींवर आपल्या लोकांच्या खुणा असतीलच याची खात्री नाही. केल ही युरोपात शंभरातल्या नऊ जणांत असणारी खूण आपल्याकडे दोन-तीन जणांतच. आणि उलटही आहे. 1973 साली मुंबईतच बडाकेरे, जोशी, भाटिया आणि सहकाऱ्यांनी एक नवी खूण शोधली. ती मुंबईतल्या शंभरातल्या तीन-चार जणांत सापडली, युरोपीय लोकांत जवळजवळ नाहीच. तिचं नाव ‘इंडियन-ए’ पडलं, पुढे तिची जोडीदार ‘इंडियन-बी’ सापडली आणि ‘इंडियन’ ही रक्तगटांची एक स्वतंत्र प्रणालीच झाली. अरब आणि इराणी लोकांत इंडियन-ए आपल्याहूनही जास्त आढळते, दहा टक्क्यांच्या आसपास. नाव मात्र आपलं लागलं, कारण शोधणारे इथले होते.

मग इथल्या रुग्णांची तपासणी इथल्याच दात्यांच्या पेशींवर का करू नये? हा विचार माझ्या आधीच्या पिढीचा, पण त्यासाठी हजारो दात्यांच्या खुणा तपासून नोंदवही करायचं हमालीचं काम आमच्या वाट्याला आलं. निबंध छापून यावा असं त्यात काही नव्हतं. रोज तेच अँटिसीरा, म्हणजे खुणा ओळखायचे द्रव, त्याच नळ्या, प्लस आणि मायनसचे रकाने. मात्र त्या नोंदवहीतून पॅनेलसाठी नेहमी येणारे दाते मिळाले, आणि दुर्मिळ खुणा नसलेले दातेही. माझ्या प्रबंधापेक्षा ती वही जास्त लोकांच्या कामी आली.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. पहिल्या महायुद्धात ग्रीसमधल्या सॅलोनिका आघाडीवर लुडविक आणि हॅना हिर्ष्‌फेल्ड या जोडप्याने निरनिराळ्या देशांच्या आठेक हजार सैनिकांचे आणि निर्वासितांचे गट तपासले. त्यांत हिंदी सैनिकही होते. 1919 साली त्यांनी निष्कर्ष छापले, त्यात बी गटाचं सगळ्यांत जास्त प्रमाण हिंदी लोकांत. माणसांच्या समूहांचा रक्तावरून अभ्यास करायची सुरुवात इथून झाली. शिबिरात ‘बी पॉझिटिव्हच जास्त येतात बुवा’ असं जे आपण ऐकतो ते आजचं नाही.

आदिवासी भागांतलं सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, काम मी थोडंच केलं. त्यावर आयुष्य वेचलेली माणसं वेगळी आहेत, म्हणून त्याबद्दल मोठ्या गप्पा मारत नाही. भारतात सिकलसेल प्रथम 1952 साली नीलगिरीच्या आदिवासींत दिसला, विदर्भातली नोंद 1958च्या ‘लॅन्सेट’मध्ये नागपूरहून आली. आम्ही सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला, तपासणीला जायचो. चाचणी साधी असते. रक्ताचा थेंब एका द्रवात टाकायचा, द्रव गढूळ झाला आणि नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की सिकल आहे. तो वाहक, म्हणजे सदोष जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला, आहे की आजारी, हे कळायला पुढची तपासणी लागते. थॅलसेमियाच्या वाहकांसाठीही अशीच रेघेची चाचणी आहे, नेस्ट्रॉफ्ट. नळीत 0.36 टक्के सलाइन. सर्वसाधारण माणसाच्या पेशी त्यात फुटून द्रव लख्ख होतो, वाहकाच्या चिवटपणे टिकतात आणि रेघ झाकली जाते. वीज नसलेल्या शाळेच्या पडवीतही हे करता येतं.

चाचणी जितकी सोपी तितकं नंतरचं अवघड. वाहक असणं हा आजार नाही. वाहकाला औषध लागत नाही, तो शेतात राबतो, मुलं वाढवतो. सिकलच्या वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं, म्हणून तर ही जनुकं टिकली. पण हातात ‘वाहक’ लिहिलेलं कार्ड दिलं की मुलीचं लग्न मोडतं. मुलाचं क्वचितच मोडतं, हेही पाहिलं. सांगायचं असतं एवढंच, की दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची, आणि त्यासाठीही दहा-बारा आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते. 2023 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं आहे. तपासण्या होतीलही. प्रत्येक कार्डासोबत घरी बसून, त्यांच्याच बोलीत, अर्धा तास बोलणारं माणूस मिळेल का, याची मला जास्त काळजी आहे. शहरातही फार वेगळं नाही. पत्रिकेतली एकनाड पाहायला आठवडा देणारे लोक थॅलसेमियाचा वाहक ओळखणाऱ्या एचबीए-टूच्या रिपोर्टला ‘कशाला उगाच’ म्हणतात. सिंधी आणि कच्छी लोहाणा समाजातल्या संस्थांनी लग्नाआधीची तपासणी रुळवली आहे. आपण मराठी मंडळी अजून ‘आमच्यात नाही असलं काही’ म्हणतो. तसं ‘नाही’ कुठल्याच जातीत नाही.

कृत्रिम रक्त कधी येणार, हे तरुण मुलं विचारतात. 2022 साली ब्रिटनमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या तांबड्या पेशी माणसाला दिल्या गेल्या, चमचा-दोन चमचे. पिशवीभर करायला लागणारा खर्च आणि वेळ बघता आपल्या नातवंडांनाही मे महिन्यात रक्तदानाला जावं लागेल असं माझं अनुमान आहे. मे मुद्दाम म्हणते. कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि त्याच महिन्यात रक्तपेढ्यांची कपाटं रिकामी. तांबड्या पेशी फार तर बेचाळीस दिवस टिकतात. गणपतीत आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना जमवलेलं रक्त मेपर्यंत साठवता येत नाही.

‘आता सगळं डीएनएवर कळतं, मग नळ्या कशाला?’ असंही एकदा एका विद्यार्थ्याने विचारलं. डीएनए पेशीवर काय आहे ते सांगतो. रुग्णाच्या सीरममध्ये कशाविरुद्ध अँटिबॉडी आहे हे तो सांगत नाही. त्यासाठी अजून पेशी आणि सीरम एकत्र आणून बघावंच लागतं. 2025 साली कर्नाटकातल्या कोलारच्या एका बाईंच्या रक्तातून क्रोमर प्रणालीतली एक नवी खूण जगापुढे आली. त्यांचं रक्त कुठल्याच पॅनेलच्या पेशींशी जुळेना, घरच्यांपैकीही कुणाचं जुळेना, आणि इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेने पुढचे दहा महिने खपून कारण शोधलं. नावही छान ठेवलं आहे, क्रिब, त्यातला ‘आय’ इंडियाचा आणि ‘बी’ बंगळुरूचा. सुरुवात मात्र कुठल्याशा तंत्रज्ञाने नळी उजेडात धरून ‘हे काही बरोबर दिसत नाही’ म्हटल्यावरच झाली असणार.

जाता जाता एक कामाची गोष्ट, जी मी व्याख्यानात शेवटच्या पाच मिनिटांत सांगते आणि तोवर निम्मे लोक चहाकडे गेलेले असतात. तुमच्या घरात कुणाला रक्तपेढीने किंवा डॉक्टरांनी ‘अँटिबॉडी सापडली आहे’ असं सांगितलं असेल, तर तो कागद आधार कार्डासारखा जपा आणि रक्त घ्यायची वेळ आली की प्रत्येक नव्या दवाखान्यात आधी दाखवा. अँटिबॉडीचं प्रमाण काही महिन्यांत उतरतं, किडसारख्या अँटिबॉडीचं तर चटकन. मग पुढच्या वेळी क्रॉसमॅच अगदी स्वच्छ येतो. कुणाचीच चूक नसते, रक्त लावलं जातं, पण शरीराला जुनी ओळख पटते आणि आठवड्याभरात लघवी कोकमासारखी लाल, डोळे पिवळे आणि हिमोग्लोबिन पुन्हा जिथल्या तिथे. तो कागद पाहिलेला असता तर त्या खुणेची पिशवी तंत्रज्ञाने आधीच बाजूला काढली असती. कागद हरवला असेल तर जिथे तपासणी झाली तिथे जा. जुन्या नोंदी शोधून देतात. पण साल लक्षात ठेवा, नाव बदललं असेल तर माहेरचं नावही सांगा.